तलावात न सोडलेले मासे

लीलाबाई,

लाइट गेली की माझा हात अजूनही आधी खिशातल्या फोनकडे जातो. आता वाजेल, असं वाटतं. मग आठवतं, आणि मी फोन तसाच ठेवून कामाला लागतो.

पहिला फोन तुम्ही मला नव्हता केला, आमच्या ऑफिसला केला होता. मी नुकताच बदली होऊन पोंभुर्ण्याला आलो होतो. लाइनमन. उन्हाळ्याचे दिवस, जंगलात कुठेतरी झाड पडून तार तुटलेली, आणि ऑफिसच्या फोनवर एकच बाई पुन्हा पुन्हा.

"भाऊ, लाइट कवा येते?"

"काम चालू आहे बाई."

"काम चालू आहे ते मले मालूम आहे. कवा येते ते सांग ना. माझी लेकरं मरून राह्यली इथी."

लेकरं ऐकून मी तसाच गाडीकडे पळालो. वाटलं, घरात कोणी आजारी असेल, ऑक्सिजनचं मशीन लावलेलं असेल. तार जोडून झाली तशी मी गाडी सरळ तुमच्या दारात आणली. तुम्ही दार उघडलं. केस विस्कटलेले, बाह्या ओल्या, हातात प्लास्टिकचा मग. मी विचारलं, "लेकरं कुठी आहेत बाई?" तुम्ही मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीला लागून काचेच्या टाक्या, त्यात मासे. पंप पुन्हा सुरू झाल्यावर पाण्यातून बुडबुडे वर येत होते, आणि तुम्ही एकेका टाकीत वाकून पाहत होत्या, कोण हलतंय, कोण नाही.

मला राग आला होता. उन्हात मी खांबावर लोंबकळत होतो ते काय माशांसाठी? पण तुम्ही माझ्यापुढे थंड पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "बैस बावा. तोंड पाह्य कसं लाल झालं तुझं. मीठ-साखर घालून देऊ का पाण्यात?" दवाखान्याची नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी तुम्ही सिस्टरच होत्या. जाताना एका बरणीत चार-पाच गप्पी आणि पाणवनस्पतीची एक काडी माझ्या हातात दिली. मी नको म्हणत होतो. तुम्ही म्हणाल्या, "मरन नाई. मेला तं सांग, दुसरा देतो."

तुमच्या घरून कोणी रिकाम्या हाती परत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. कोणाला मासे, कोणाला जास्वंदीची फांदी, कोणाला सकाळी फुलणाऱ्या ऑफिस टाइमच्या रोपांची मूठभर जुडी. रविवारी सकाळी तुमच्या अंगणात आम्ही जमायला लागलो. युसुफभाई टेलर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत एकेक फायटर मासा घेऊन यायचे, कारण दोन फायटर एकत्र ठेवले की भांडतात. कोणी अबोलीचं बी आणायचं, कोणी कढीपत्त्याचं रोप. चहा व्हायचा, अदलाबदल व्हायची, आणि सगळ्यात जास्त व्हायच्या त्या तुमच्या सूचना. पाणी एकदम बदलू नको. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेव. फांदी लावली की रोज उपटून पाहू नको, मूळ धरलं का म्हणून.

आणि ती मच्छरदाणीखालची बादली! तिच्यात तुम्ही डासांच्या अळ्या पाळायच्या, माशांना खायला घालायला. युसुफभाई तुम्हाला चिडवायचे, "सिस्टर, आयुष्यभर मलेरियाच्या मागे लागल्या, अन आता घरात मच्छर पोसून राह्यल्या?" तुम्ही हसायच्या, पण हसता हसता उठून मच्छरदाणीचं टोक दगडाखाली नीट दाबलंय ना ते बघून यायच्या. एकही डास तुमच्या घरातून बाहेर उडाला असता तर तुम्हाला झोप लागली नसती.

काळजी करण्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी घराच्या भिंतीही तापतात. तेव्हा तुम्ही दर थोड्या वेळानं टाकीच्या काचेला हाताची पालथी बाजू लावून बघायच्या, तापाचं लेकरू बघावं तशी. फ्रीजमध्ये भाजी कमी आणि पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्याच जास्त. त्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवायच्या. मग मला फोन. "गजूभाऊ, पाणी गरम लागून राह्यलं. आज लाइट जाणार आहे का रे?" मी म्हणायचो, "बाई, मले कसं मालूम?" तुम्ही म्हणायच्या, "तू खांबावर चढतो ना. तुले नाई मालूम तं कोणाले मालूम?" नेटवर्क नसलेल्या जंगलात मी लाइन तपासत फिरत असलो, की बाहेर आल्यावर फोनमध्ये तुमचे मिस कॉल असायचे. वाघाच्या भीतीनं मी आधीच अर्धा झालेला असायचो, त्यात तुमचे मिस कॉल. पण खरं सांगू? बाहेर आल्यावर आपली कोणीतरी वाट पाहिली होती, याचं बरं वाटायचं.

आपलं भांडण मात्र राहिलंच.

कोणीतरी तुमच्या दारात बादलीत एक सकर मासा सोडून गेलं होतं. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून लोक तो घेतात, तेव्हा तो बोटाएवढा असतो. नंतर तो कोपरापर्यंत वाढतो आणि कोणाला नकोसा होतो. तो तसाच वाढलेला होता. काळा, खरखरीत, काटेरी पाठीचा. तुम्ही त्याला ड्रममध्ये ठेवलं. चंद्रपूरच्या दुकानदाराला विचारलं, त्यानं नाही म्हटलं. आमच्यापैकी कोणाकडे एवढी टाकी नव्हती. ड्रममध्ये त्याला वळताही येत नव्हतं. मी सहज म्हणालो, "बाई, तलावात सोडून देऊ ना. मोकळा राहीन बिचारा."

तुमचा चेहरा असा झाला, जणू मी काही घाण बोललो.

"तलावात नाई."

"काऊन?"

"नाई म्हटलं ना. ढिवर लोक त्या तलावात मासोळीचं बीज टाकते. त्याच्यावर त्याहीचं घर चालते. हा बेणा तिथी वाढला, तं जाळी फाडन अन अंडी खाऊन टाकन."

"एका माशानं काय होते बाई?"

पुढच्या रविवारी आलो तर ड्रम उपडा घालून ठेवलेला होता. तुम्ही बादलीत लवंगेचं तेल घालून त्याला आधी गुंगी आणली होती, मग कायमचं झोपवलं होतं, आणि जास्वंदीखाली पुरलं होतं. युसुफभाईंनी मान खाली घातली होती. मला राहवलं नाही.

"बाई, तुम्ही सिस्टर होत्या. जीव वाचवायचं काम केलं आयुष्यभर. अन धडधाकट मासा मारला?"

तुम्ही म्हणाल्या, "सिस्टर होतो म्हणूनच."

म्हणूनच म्हणजे काय? मी कितीदा विचारलं. त्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, पावसाळ्यात, दिवाळीत. कधी मी चिडून विचारायचो, कधी चहा पिताना हळूच. तुमचं एकच. "तुले नाई समजत, गजू." कधी तर मी बोलायला लागलो की तुम्ही उठून माशांशी गोंडीत काहीतरी पुटपुटायला लागायच्या, म्हणजे मला कळू नये. ते भांडण आपल्यात खडा पडावा तसं पडून राहिलं. मी तुमच्यावर रागावलेलो होतो, आणि तरी दर रविवारी यायचो. तुम्हीही माझ्यावर रागावलेल्या असाल. पण माझ्या कपात साखर जास्त घालायला विसरल्या नाहीत.

मग तो मे महिना आला.

दुपारी युसुफभाई तुमच्याकडे बाटली परत द्यायला आले तेव्हा तुम्ही माशांच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसलेल्या होत्या, पाठ चौकटीला टेकून. त्यांनी हाक मारली. मग मला फोन केला. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं, म्हणाले. मी आत पाहिलं. घरात एकच कूलर, आणि तो टाक्यांकडे तोंड करून चालू होता. काऊन बाई? तुमच्या अंगावर जरा वारा आला असता तर काही फरक पडला असता का? डॉक्टर म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. पण कूलरचा आवाज ऐकला की तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात सुरू होतो.

तुमची लेक स्मिता नागपूरहून आली. तुम्हाला तुमच्या गावी न्यायचं ठरलं, भामरागडच्या पलीकडे. तिकडे तुमच्या लोकांची रीत आहे, तुमच्या आईबापाची जागा आहे. मी आणि युसुफभाई मागच्या जीपमध्ये होतो. जाण्याआधी युसुफभाईंनी बायकोला तुमच्या घरी बसवलं होतं, पंपाकडे लक्ष ठेव म्हणून. रस्ताभर त्यांच्या मनात तेच होतं. नेटवर्क जिथे जिथे मिळेल तिथे ते फोन लावायचे. "चालू आहे ना? पाणी कसं आहे? हात लावून पाह्य." मला वाटलं, तुमचाच आवाज आहे.

तुम्हाला मातीत ठेवल्यावर सगळे नाल्यावर हातपाय धुवायला गेले. पाणी आटून थोडी डबकी उरली होती. मी ओंजळ भरायला वाकलो आणि थबकलो. ओंजळीत मासे होते. बारीक, करड्या रंगाचे, आणि त्यातल्या एकाच्या शेपटीवर पिवळा-नारिंगी ठिपका. गप्पी. माझ्या घरातल्या बरणीत आहेत तेच. कुठे तुमचं अंगण, कुठे हा जंगलातला नाला.

मी तसाच वाकलेला राहिलो. तुमच्या वहिनी शेजारी बसून पाय धूत होत्या. त्यांनी माझ्या ओंजळीकडे पाहिलं.

"लीलानंच सोडले होते," त्या म्हणाल्या.

"कवा?"

"नवीन नोकरी लागली होती तिची. ताप लय होता तवा. घरात दोन-दोन माणसं पडून. सायबानं सांगतलं, जिथी पाणी दिसन तिथी हे मासे टाका, मच्छर कमी होते. तं तिनं पयले आपल्याच गावात टाकले. डब्बा घेऊन आली होती, किती खूश होती!"

"मग?"

"ताप कमी झाला, हे खरं. पण याच्याआधी या डोहात बारीक मासोळ्या राहत. आमी त्या वाळवून ठेवत होतो, पावसाळ्यात रस्ता बंद झाला का त्याच खात होतो. त्या गेल्या. आता जाळं टाकलं का हेच येते. हे काय खाचे?" वहिनींनी पाण्यात हात हलवला, मासे पांगले. "ती आली का इथीच येऊन बसे. मी म्हणो, बाई, तुले कोनी काई म्हनत नाई, तू तं लोकायचा जीव वाचवाले केलं. ती बोलेच ना."

बाई, त्या मासोळ्या गप्पींमुळेच गेल्या की दुसऱ्या कशानं, मला माहीत नाही. नाल्याचं पाणी कमी झालं असेल, कोणी विष टाकून मासे मारले असतील. तुम्हालाही पक्कं माहीत नसेल. पण तुम्ही ते स्वतःवर घेतलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्याशी इतक्या भांडल्या, पण एकदाही म्हणाल्या नाहीत की गजू, माझ्या गावच्या नाल्याचं असं झालं. एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. कदाचित म्हणूनच बोलल्या नसाल. मी तुमची कीव केली असती, आणि ती तुम्हाला नको होती.

परत आल्यावर स्मितानं घर आवरायला घेतलं. मालकाला खोली हवी होती, तिला सुट्टी मिळत नव्हती. मी तिला म्हणालो, "माशांचं रविवारी बघू, सगळे येतील." ती हो म्हणाली. त्यानंतर मी लाइनवर होतो, आणि युसुफभाईंचा फोन आला.

"गजूभाऊ, पोरगी बादल्या भरून ऑटोनं तलावाकडे गेली. मी म्हटलं थांब, तं म्हणे, आईच्या नावानं सोडून देते."

मी साहेबांना काय सांगून निघालो ते आठवत नाही. एकदा पाण्यात गेले की ते परत काढता येत नाहीत. टाक्यांत फक्त गप्पी नव्हते, तुमच्या पाणवनस्पती होत्या, गोल्डफिश होते, गौरामी होते. आणि त्याहून मोठी भीती ही की जे तुम्ही आयुष्यभर टाळलं, ते तुमच्याच नावानं तुमच्याच मुलीच्या हातून होणार होतं.

स्मिता तलावाच्या पाळीवर होती. एक बादली पाण्याच्या काठाशी टेकवलेली, अजून कलंडलेली नव्हती. मी धापा टाकत उतरलो.

"स्मिता, थांब बेटा."

"काका, प्लीज. मले करू द्या."

"बाईनं नको म्हटलं असतं."

"आईनं कितीक गोष्टीले नको म्हटलं." तिनं बादलीचा काठ धरला. "मी यांना कुठी नेऊ? नागपूरले दोन खोल्यांत कुठी ठेवू? आईले तं मातीत ठेवून आलो. हे तरी मोकळे राहू द्या ना काका. कोणीतरी मोकळं राहू दे."

हे तर माझंच बोलणं होतं. तुमच्या अंगणात बसून मीच तुम्हाला सांगितलेलं. ती रडत होती आणि ती बरोबर आहे असं मला वाटत होतं, आणि तरी मला तिला थांबवायचं होतं.

तुम्ही जे तिला सांगितलं नव्हतं ते मी सांगावं का, हे मला ठरवता येईना. तो तुमचा अधिकार होता. पण बादलीच्या काठावर तिचा हात होता. मी तिच्या शेजारी चिखलात बसलो आणि नाल्याचं सांगितलं. वहिनी काय म्हणाल्या ते, ओंजळीत आलेले मासे, सगळं. हळू हळू, मध्ये थांबत. तिनं ऐकून घेतलं. समोर बगळे होते, दूर एक माणूस जाळं धूत होता.

मग म्हणाली, "म्हणून ती तिथी बसत होती? मले वाटे, गेलेल्या बाबाची आठवण काढते. मी तिले एकटं सोडत होतो, बसू दे म्हणून."

तिनं बादली मागे ओढली. पाणी तिच्या चपलांवर सांडलं. आम्ही दोघांनी मिळून त्या बादल्या ऑटोत चढवल्या. घरी येऊन मासे पुन्हा टाकीत सोडताना तिनं प्रत्येक टाकीच्या काचेला हात लावून पाहिला. बाई, माफ करा की नका करू, पण मी ते सांगितलं. आता तुमच्या लेकीला तुमच्याबद्दल एक गोष्ट जास्त माहीत आहे, आणि मला वाटतं त्यानं काही वाईट झालं नाही.

रविवारी सगळे आले. जे कधी तुमच्याकडून मासे घेऊन गेले होते तेही, आणि जे फक्त झाडं नेत होते तेही. तुमची रोपं, तुमच्या कुंड्या, तुमची मच्छरदाणीची बादलीसुद्धा गेली. स्मिता दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "काका, मावशी, नको झाले तं परत आणून द्या गजूकाकाकडे. पण बाहेर सोडू नका." लोक मान हलवत होते. मी एकेकाचं तोंड बघत होतो. हा ठेवेल का? याच्या नातवंडांनी हट्ट धरला तर हा नाल्यात नेऊन ओतेल का? लोक वचन देतात तेव्हा मनापासूनच देतात. पावसाळा आला, घर गळायला लागलं, टाकी फुटली, की मग काय? तुम्ही हे सगळं वर्षानुवर्षं कसं सहन केलं? आता मला कळतं, तुम्ही लोकांना मधूनच फोन करून "मासे कसे आहेत" असं का विचारायच्या.

शेवटी एंजल माशांची मोठी टाकी उरली. नर-मादीची जोडी, तुम्ही पावसाळ्यात आणलेली. एवढी टाकी ठेवायला कोणाकडे जागा नव्हती. माझ्याकडेही नव्हती. रेखानं, माझ्या बायकोनं, दारातच कंबरेवर हात ठेवले. "पाण्याशेजारी वायर? लाइनमनच्या घरात?" मग तिनंच शिवणाची मशीन हलवून जागा केली.

आठवड्याभरातच त्यांनी अंडी घातली, टाकीतल्या फरशीच्या तुकड्यावर, साबुदाण्यापेक्षाही बारीक. दोघं आळीपाळीनं पंखांनी त्यांच्यावर पाणी हलवत उभी राहायची. मला आनंद झाला तो क्षणभर. नंतर भीतीच. पाणी गरम तर नाही ना? हे स्वतःच खाऊन टाकतील का? विचारायला तुम्ही नव्हत्या. मी युसुफभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "भाऊ, मले फायटरचं विचारा. एंजलचं सिस्टरलेच मालूम होतं."

त्याच दिवशी दुपारी वादळ आलं. आभाळ पिवळं पडलं, धूळ उठली, आणि मला माहीत होतं की आता फोन येणार, ऑफिसचा. जंगलाच्या रस्त्यावर तारांवर झाडं पडली होती. आम्ही कुऱ्हाडी घेऊन गेलो. प्रत्येक फांदी तोडताना मी मनात हिशेब करत होतो, घरी पंप बंद आहे, पाण्यातली हवा संपतेय. मोबाइलला रेंज नव्हती. सोबतचा म्हणाला, "भाऊ, इतकी घाई काऊन करून राह्यला? पडशील." मी काय सांगणार? माझ्या घरी लेकरं आहेत, असं सांगणार होतो का?

दिवेलागणीला लाइन जोडली. मी घरी पळालो. रेखा टाकीशेजारी स्टुलावर बसली होती, पदर कंबरेला खोचलेला, दोन्ही बाह्या भिजलेल्या. मगानं टाकीतलं पाणी घेऊन उंचावरून परत टाकीत सोडत होती, पाण्यात हवा जावी म्हणून. पुन्हा घेत होती, पुन्हा सोडत होती. लाइट आली होती, पंप सुरू झाला होता, तरी तिचा हात थांबला नव्हता. तिला कोणी सांगितलं होतं? मी तर कधी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "लीलाबाईले एकदा असं करताना पाह्यलं होतं. हात मोडला माझा, तुमच्या बाईच्या लेकरांपायी." आणि तिनं मला मग दिला, आणि भिंतीला टेकून रडली. तुमच्यासाठी ती तेव्हा पहिल्यांदा रडली. तिला मासे कधी आवडले नाहीत. तुम्ही आवडत होत्या.

काही अंडी पांढरी पडून वाया गेली. बाकीच्यांतून पिल्लं निघाली, आधी फरशीला चिकटून शेपटी हलवणारी, मग मोकळी. आता ती ढगासारखी आईबापाभोवती फिरतात. मी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमटीभर पाण्यात कालवून घालतो आणि भीत असतो की जास्त झालं, पाणी सडेल. कमी झालं, उपाशी मरतील. मोठी झाली की कोणाला द्यायची? जो मागेल त्याच्याकडे मी आतापासून संशयानं बघतो. स्मिता रोज व्हिडिओ मागते. परवा म्हणाली, पुढच्या वर्षी मोठं घर घेईन, तेव्हा दोन तरी माझ्यासाठी ठेवा. मी हो म्हटलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

यातलं एक पिल्लू वाकडं आहे, बाई. पाठीचा कणा वळलेला, एका कुशीवर पोहतं. बाकीची त्याला ढकलतात, खाण्यापर्यंत ते पोचत नाही. तुम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल्या असत्या, हाल करू नको त्याचे. मी नाल्याचं सगळं ऐकून आलो, तुमच्या मुलीला तलावावर अडवलं, मासे बाहेर सोडायचे नाहीत हे मला आता पटलं आहे. एवढं मान्य करायला मी तुमच्यापुढे येऊन बसलो असतो. पण धडधाकट सकरचं अजून पटलेलं नाही, आणि याचंही पटत नाही. दोघांपैकी कोण बरोबर ते मला माहीत नाही. तुम्ही असत्या तर आज रविवार आहे, आपण नीट भांडलो असतो.

मी त्याला वेगळ्या बरणीत ठेवलं आहे. सकाळी वाटलं, मेलं. खाली पडून होतं. मी बरणीला बोट लावलं, तर हललं. मी चिमटीनं त्याच्या अगदी तोंडाजवळ बलक सोडला. पहिला कण त्यानं हुकवला. दुसरा खाल्ला.

रागवा हवं तर.